नऊ व्हायोलिन आणि छत्तीस मुले

मी एका सरकारी शाळेत चित्रकला शिकवते. संगीताचे शिक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कोणी येईपर्यंत वाद्यवर्गही मीच सांभाळावा असे ठरले, कारण लहानपणी सहा वर्षे मी व्हायोलिन शिकले होते ही गोष्ट कोणाच्या तरी लक्षात राहिली होती. ती जागा दोन वर्षे भरली गेली नाही. त्या दोन वर्षांत एका वर्गाला मी पाचवीपासून सहावीच्या शेवटापर्यंत चित्रकला आणि व्हायोलिन असे दोन्ही विषय शिकवले. पहिल्या दिवशी मी वाद्ये मोजली, कारण मोजण्यासारखे तेच आहे असे मला वाटले. खरे म्हणजे मिनिटे मोजायला हवी होती, आणि ते सुचायला मला जवळजवळ दीड महिना लागला.

कपाटात 14 पेट्या होत्या. ते कपाट किती काळ बंद होते हे कोणालाच नेमके सांगता आले नाही, पण गजांची अवस्था पाहून अंदाज येत होता. गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस ताणून बसवलेले असतात, आणि पेटी अंधारात वर्षानुवर्षे बंद राहिली की एक प्रकारच्या बारीक किड्यांच्या अळ्या ते केस कुरतडतात. आमच्या सात गजांचे निम्मे केस असे तुटून पेटीच्या तळाशी पडले होते. पेट्या उघडून उजेडात ठेवल्या की या अळ्या टिकत नाहीत. म्हणजे कोणी ती वाद्ये अधूनमधून नुसती उघडून पाहिली असती, तरी हे नुकसान बरेचसे टळले असते.

त्यानंतरचे नुकसान मात्र मी स्वतः केले. जुन्या गंजलेल्या तारा बदलण्याच्या उत्साहात मी दोन व्हायोलिनच्या चारही तारा एकदम काढल्या, आणि दोन्ही वेळा आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) एका पायाच्या जवळ, पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये लाकडाचा एक छोटा खांब उभा असतो. तो चिकटवलेला नसतो, केवळ दाबावर उभा असतो, आणि तारांचा ताण एकदम गेला की तो पडू शकतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत या खांबाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आत्मा' असा होतो. खांब पडलेल्या व्हायोलिनवर पुन्हा तारा चढवून ताणल्या तर वरची फळी खचण्याचा धोका असतो, त्यामुळे ती दोन वाद्ये कारागिराकडे पाठवावी लागली. तार नेहमी एकेक करून बदलायची, हा नियम मी तेव्हापासून मुलांनाही सर्वांत आधी सांगते. पाच वाद्यांच्या फळ्यांना खोल तडे गेलेले होते. ती बाजूला ठेवून शेवटी नऊ व्हायोलिन वाजवण्याजोगी झाली.

वर्गात 36 मुले होती आणि आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास. एका व्हायोलिनमागे चार मुले, हे गणित मला सुरुवातीला वाईट वाटले नाही. वर्गात गेल्यावर मी नऊ वाद्यांच्या 36 तारा जुळवत असे, त्यात बारा मिनिटे जात. वाद्ये बाहेर काढणे, वाटणे आणि पुन्हा ठेवणे यांत आठ. उरलेली वीस मिनिटे चार मुलांत वाटली की प्रत्येकाला पाच मिळत. एके दिवशी एका मुलाने विचारले, "बाई, आज माझी पाळी आली होती का?" आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. आठवड्याला दहा मिनिटे, सुट्ट्या आणि परीक्षा वगळून वर्षाला तीस आठवडे धरले तर 300 मिनिटे, म्हणजे अख्ख्या वर्षात एका मुलाच्या हातात व्हायोलिन पाच तास. लहानपणी मी घरी रोज अर्धा तास वाजवत असे. मुलांचे वर्षभराचे शिक्षण माझ्या दहा दिवसांइतके होते. मुलांना 'कान नाही', 'आवड नाही' असे शिक्षकांच्या खोलीत आम्ही किती सहज बोलून जातो, हे तो आकडा समोर आल्यावर मला फार टोचले.

यावर जी व्यवस्था बसली ती एका दिवसात बसली नाही. चित्रकलेचे दोन आणि वाद्यवर्गाचे दोन असे चार तास माझ्याकडेच होते, म्हणून ते जोडून 80 मिनिटांचे दोन सलग तास करावेत, वर्गाचे दोन भाग करावेत, 18 मुलांनी चित्र काढावे आणि 18 मुलांनी नऊ व्हायोलिन घ्यावीत, अर्ध्या वेळानंतर अदलाबदल व्हावी, असा माझा प्रस्ताव होता. वाद्ये शाळा भरण्यापूर्वी मी जुळवून ठेवायची. अशा रीतीने प्रत्येक मुलाला एका वेळी सुमारे सतरा मिनिटे मिळणार होती, आठवड्याला चौतीस. वेळापत्रक सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की यात दोन्ही विषयांचे नुकसान होईल, एकाच खोलीत अर्धी मुले वाजवत असताना बाकीच्यांचे चित्राकडे लक्ष राहणार नाही. आक्षेप रास्त होता. त्यावर उत्तर एकच होते: चित्र आणि वाद्य यांचा पाठ एकच असायला हवा. पॉल क्ले हा चित्रकार लहानपणापासून व्हायोलिन वाजवत होता आणि 1921 ते 1931 या काळात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता, हे मी त्या बैठकीत सांगितले. त्याने कोणाचे मत बदलले असे नाही, पण एक सत्र करून पाहण्याची परवानगी मिळाली.

पहिला पाठ अगदी साधा होता. वाजवण्यापूर्वी ज्या मुलाच्या हातात व्हायोलिन नाही त्याने शेजाऱ्याच्या हातातले व्हायोलिन काढायचे, पाहून, खोडरबर न वापरता. दहा-अकरा वर्षांची मुले जे माहीत आहे ते काढतात, जे दिसते ते नाही. म्हणून पहिल्या चित्रांत घोडी म्हणजे एक सरळ आडवी पट्टी होती आणि तिच्यावरून चार समांतर रेघा जात होत्या. मी चित्र दुरुस्त करत नाही. मी फक्त विचारले की घोडी वरून सपाट आहे का. तेव्हा एका मुलीने वाद्य डोळ्यांच्या रेषेत धरले आणि बराच वेळ पाहून सांगितले की ती कमानीसारखी आहे, आणि शिवाय एका बाजूला जास्त उंच आहे. जाड तारेकडची बाजू उंच असते हे मला सहा वर्षे वाजवूनही कधी जाणवले नव्हते. ती कमान कशासाठी, हा प्रश्न त्यांनीच काढला आणि उत्तरही गजाने शोधले: घोडी सपाट असती तर गज टेकवताच सगळ्या तारा एकदम बोलल्या असत्या, आणि मधली तार एकटी वाजवताच आली नसती. त्या दिवसानंतर गज दोन तारांवर चुकून घासला की मुले हाताची चूक न म्हणता 'कोन चुकला' म्हणू लागली. कोपर किती वर न्यायचे हे मी महिनाभर तोंडाने सांगत होते, आणि ते त्यांना एका चित्राने समजले.

वाद्यांच्या मापांचाही प्रश्न होता. आमच्याकडे अर्ध्या, पाऊण आणि पूर्ण अशा तीन मापांची व्हायोलिन होती. ही नावे फसवी आहेत. पूर्ण व्हायोलिनचे धड साधारण साडेपस्तीस सेंटीमीटर असते आणि अर्ध्या मापाचे धड त्याच्या निम्मे नसून एकतीसच्या आसपास असते. मूल हात लांब करून वाद्याच्या टोकाला बोटांनी विळखा घालू शकते का आणि तेव्हा कोपर थोडे वाकलेले राहते का, एवढे पाहिले की माप ठरते. पण एकच वाद्य दोन मुलांनी वाटून घ्यायचे म्हटल्यावर जोड्या मैत्रीवरून लावता येत नव्हत्या, हाताच्या लांबीवरून लावाव्या लागल्या, आणि त्यावरून आठवडाभर रुसवेफुगवे चालले.

व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठे टेकवायचे हे दिसत नाही. नवशिक्यांसाठी बहुतेक ठिकाणी पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात आणि मीही लावणार होते. वाद्यांची मापे वेगवेगळी असल्याने प्रत्येकासाठी वेगळे मोजमाप घ्यावे लागणार होते, तेव्हा ते काम मी मुलांना दिले. घोडीपासून पट्टीच्या वरच्या टोकापर्यंत तारेच्या मोकळ्या भागाइतकी लांब कागदाची पट्टी कापायची. ती मधोमध दुमडली की सप्तक मिळते, कारण अर्धी तार दुप्पट वेगाने कंप पावते. दोनदा दुमडून चार भाग केले आणि वरच्या टोकापासून पहिल्या घडीवर बोट ठेवले की मोकळ्या तारेला षड्ज मानून तिचा शुद्ध मध्यम मिळतो, तीन भागांतल्या पहिल्या घडीवर पंचम. आणि तिसऱ्या भागाचेही पुन्हा तीन भाग केले, म्हणजे एकूण नऊ, की वरून पहिल्या घडीवर ऋषभ. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर हे अंतर साधारण 36 मिलिमीटर येते आणि अर्ध्या मापावर 32 च्या आसपास, पण मुलांना मिलिमीटरची गरजच पडली नाही. घड्या मोडून कागदाची पट्टी वाद्याच्या पट्टीवर ठेवायची, बोट टेकवायचे, गज ओढायचा. पहिल्यांदा पंचम नेमका लागला तेव्हा ज्या मुलाने तो लावला त्याने कागदाकडे पाहिले, वाद्याकडे नाही. एका कागदाच्या घडीतून स्वर निघतो यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो क्षण माझ्यासाठीही नवीनच होता.

चिकटपट्ट्यांबद्दल मात्र माझे मत नंतर बदलले. चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की मुले पट्टीकडे पाहून बोट ठेवतात आणि स्वर कणसूर लागला तरी समाधानी असतात, कारण बोट तर रेघेवरच आहे. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी त्यांना पाहायला शिकवले होते, आणि त्या पाहण्यानेच ऐकणे मागे ढकलले होते. मी निम्म्या वाद्यांवरच्या पट्ट्या काढल्या. दोन आठवडे वर्गातला आवाज सहन होत नव्हता. मग जोडीतल्या ऐकणाऱ्या मुलाला काम दिले: डोळे मिटून बसायचे आणि स्वर उतरला असेल तर बोट खाली, चढला असेल तर वर करायचे. सतरा मिनिटांचा हिशेब मी पूर्वी फक्त वाजवणाऱ्याच्या बाजूने करत होते. उरलेली सतरा मिनिटे ऐकण्याची म्हणून धरता येतील हे तेव्हा समजले.

त्याच सत्रात आम्ही क्लाड्नीचा प्रयोग केला. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरवून, पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला असता वाळूच्या ज्या नक्षी उमटतात त्यांचे वर्णन आणि चित्रे दिली होती. मी एक चौकोनी पितळी पत्रा काळा रंगवला, मध्यभागी स्क्रूने स्टँडवर घट्ट बसवला आणि अळ्यांनी कुरतडलेल्या गजांपैकी एक वापरला. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. पत्र्याची कड धारदार होती आणि तिने गजाचे उरलेले केसही कापायला सुरुवात केली. कड कानसीने गोल केली, गजाला भरपूर राळ लावली, आणि एका मुलीने पत्र्याच्या एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्याजवळ गज ओढला. पत्रा तीक्ष्ण आवाजात बोलला आणि वाळू धावत जाऊन दोन रेषांत उभी राहिली. बोट दुसरीकडे ठेवले की स्वर बदले आणि नक्षीही बदले. मुलांनी त्या दिवशी अकरा नक्षी काढल्या. वाळू कुठे जमते यावर बराच वाद झाला. जिथे आवाज जास्त तिथे, असे बहुतेकांचे म्हणणे होते. शेवटी एकाने जमलेल्या वाळूच्या रेषेवर हलकेच बोट ठेवले, स्वर तसाच चालू राहिला. रेषेबाहेर ठेवले, तर तो दबला. वाळू शांत जागेत जमते, कारण हलणाऱ्या जागेवरून ती फेकली जाते. व्हायोलिन बनवणारे काही कारागीर आजही वाद्य जोडण्यापूर्वी फळीवर अशीच पूड टाकून तिची स्पंदने तपासतात, हे सांगितल्यावर मुले आपल्या हातातल्या व्हायोलिनच्या फळीकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली.

तारा मी एकटीने किती दिवस जुळवणार, म्हणून दुसऱ्या वर्षी चार मुलांना ते शिकवले. ए तार 440 हर्ट्झला लावायची, हे माप 1939 च्या लंडनमधल्या परिषदेत सुचवले गेले आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाले. बाकीच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर. मी त्यांना ट्यूनर, म्हणजे तार बरोबर लागली की हिरवा दिवा लावणारे यंत्र, दिला होता. त्यातला एक मुलगा, जो वाजवण्यात मागे होता आणि गज धरताना अजूनही अंगठा चुकवत होता, एके दिवशी म्हणाला, "बाई, हिरवा दिवा लागतो, पण दोन तारा एकदम वाजवल्या की आवाज डोलतो." मी ऐकले आणि त्याला म्हणाले की तसे काही नाही. तो गप्प बसला. दोन दिवसांनी एकटीच वाजवत असताना मला ते डोलणे ऐकू आले. ट्यूनर समान भागांत विभागलेल्या सप्तकाप्रमाणे ई तार 659.26 हर्ट्झला लावतो, आणि 440 चा शुद्ध पंचम 660 असतो. ए तारेच्या तिसऱ्या उपस्वराचे (मूळ कंपसंख्येच्या तिप्पट) आणि ई तारेच्या दुसऱ्या उपस्वराचे (दुप्पट) न जुळणे कानाला सेकंदाला साधारण दीड वेळा येणाऱ्या हेलकाव्यासारखे ऐकू येते. मुलाचे बरोबर होते आणि माझे चूक. मी वर्गासमोर तसे सांगितले, आणि पुढे ए तार तेवढी यंत्रावर व बाकीच्या कानाने, ही पद्धत त्यानेच इतरांना शिकवली.

वाद्ये घरी देण्याचा प्रश्न सर्वांत कठीण ठरला. जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात पालक वर्गात बसतात आणि घरी रोज सराव करून घेतात. मला ती पद्धत मनापासून आवडते, पण ती घर गृहीत धरते: घरात वाद्य आहे, मोकळा पालक आहे, शांत कोपरा आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे यांतले काहीच नव्हते. शाळेचे साहित्य शाळेबाहेर नेता येणार नाही, असा नियम मला दाखवण्यात आला. मी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जासोबत मिनिटांचा तो कागद जोडला, आणि बहुधा त्याच कागदामुळे शुक्रवारी वाद्य न्यायचे आणि सोमवारी आणायचे, नोंदवहीत पालकांची सही घ्यायची, अशी परवानगी मिळाली. चार मुलांत एक वाद्य, म्हणजे महिन्यातून एकदा दोन दिवस. त्या दोन दिवसांत काही मुले आठवड्याच्या वर्गापेक्षा जास्त वाजवत.

पाचव्या महिन्यात एक मुलगी सोमवारी वाद्य घेऊन आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. घोडीची कमान जिने पहिल्यांदा पाहिली तीच ही मुलगी. तिसऱ्या आठवड्यात तिने पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता उभी राहिली. व्हायोलिनच्या खालच्या भागात वरची फळी बाजूच्या पट्टीपासून बोटभर सुटली होती. तिने वाद्य पाडले नव्हते, आपटले नव्हते. ते आपल्या हातून तुटले असे समजून तिने वीस दिवस ते पांघरुणाखाली लपवले होते आणि घरी कोणाला सांगितले नव्हते. मी तिला शेजारी बसवले आणि दाखवले की लाकूड कुठेही फाटलेले नाही. व्हायोलिनच्या फळ्या सरस या सहज सुटू शकणाऱ्या डिंकाने चिकटवतात, आणि तेही मुद्दाम, कारण हवा कोरडी झाली आणि लाकूड आक्रसले की सांधा आधी सुटावा, फळीला तडा जाऊ नये. सांधा पुन्हा चिकटवता येतो, तडा कायमचा राहतो. ती बराच वेळ त्या फटीकडे पाहत होती. मग तिने विचारले की हे आधी का सांगितले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते. खांबाबद्दल, तारांबद्दल, केसांबद्दल मी सगळे सांगितले होते, सांध्यांबद्दल सांगायचे राहिले होते. कारागिराने सरस गरम करून लावला आणि शिकंज्यात रात्रभर धरून ठेवला. काम लहान होते.

वार्षिक कार्यक्रमात वाद्यवृंद हवा, ही मागणी दोन्ही वर्षी आली. पहिल्या वर्षी मी ती मान्य केली आणि सहा आठवडे सगळी वाद्ये सहा तयार मुलांकडे दिली. उरलेल्या तीस मुलांची मिनिटे त्या काळात शून्य झाली, आणि तो निर्णय मला अजूनही सलतो. दुसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रमाऐवजी वर्ग उघडा ठेवला. भिंतीवर व्हायोलिनची चित्रे आणि वाळूच्या नक्षी, टेबलावर घड्या घातलेल्या कागदी पट्ट्या, आणि चार गटांनी पाळीपाळीने मोकळ्या तारांवर व पाच स्वरांत बसवलेली एक छोटी रचना. तिच्यात छत्तीसही मुले वाजली. काही पालकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच व्हायोलिन हातात घेतले.

आता संगीताचे नवे शिक्षक आले आहेत आणि वाद्यवर्ग त्यांच्याकडे आहे. जोडून घेतलेले तास त्यांनी ठेवले, चिकटपट्ट्या मात्र पुन्हा लावल्या. त्यावर आमचे बोलणे चालू आहे. सोमवारी सकाळी नोंदवही घेऊन वाद्ये परत घेण्याचे काम सातवीत गेलेल्या त्या मुलीकडे आहे. ती प्रत्येक व्हायोलिन कानाजवळ धरते आणि बोटाच्या पेराने कडेकडेने हळू ठोकत जाते. सांधा घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथे किंचित फुटका. तसा आवाज आला की ती नोंदवहीत तारीख आणि जागा लिहिते, आणि ज्याने वाद्य आणले त्याला ते कसे ऐकायचे हे दाखवते.